साहेबांना तेवढा अधिकार असतो का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, सरकारी खात्याच्या प्रमुखाला कायद्याने नक्की काय काय करता येतं. काही पत्रं कर्मचाऱ्यांची आहेत, काही खेटे घालून दमलेल्या लोकांची. नावं आणि ऑफिसं गाळलीयेत, ते बरं.

प्रश्न : विभागप्रमुख म्हणजे नक्की कोण हो? कुणी म्हणतं मंत्रालयातले सचिव, कुणी म्हणतं पुण्याचे आयुक्त, आणि आमच्या तालुक्याच्या ऑफिसातले साहेब तर स्वतःलाच विभागप्रमुख म्हणवून घेतात. अर्ज कुणाच्या नावे करायचा तेच कळेना. (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : बोलताना आपण सगळ्यांनाच साहेब म्हणतो त्यामुळे हा घोळ होतो. मंत्रालयात जो विभाग असतो, म्हणजे महसूल, कृषी, सहकार वगैरे, त्याचे प्रमुख सचिव, प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव. ते 'शासन' म्हणून काम करतात. राज्यघटनेच्या कलम १५४ प्रमाणे राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांकडे असतो आणि कलम १६६ प्रमाणे आदेश त्यांच्या नावाने निघतात, म्हणून कुठलाही जीआर, म्हणजे शासन निर्णय, उघडून शेवट बघा, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते आणि खाली सही उपसचिवांची नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. आता कक्ष अधिकाऱ्याने सही केली म्हणजे निर्णय त्याने घेतला असं नसतं, कार्यनियमावलीप्रमाणे, म्हणजे सरकारचं कामकाज कसं चालायचं त्या नियमांप्रमाणे, फाईल मंत्री, मुख्यमंत्री किंवा मंत्रिमंडळ, जिथे जायला पाहिजे तिथे जाऊन आलेली असते. निदान असायला पाहिजे.

विभागप्रमुख हे पद यापेक्षा वेगळं. मंत्रालयाच्या बाहेर बसून खातं चालवणारे आयुक्त, संचालक, महासंचालक, महानिरीक्षक हे विभागप्रमुख. पुण्यात तर यांची दाटीच आहे, कृषी आयुक्त, सहकार आयुक्त, साखर आयुक्त, शिक्षण आयुक्त, जमाबंदी आयुक्त, नोंदणी महानिरीक्षक, सगळे तिथेच. त्यांच्याखाली प्रादेशिक विभागप्रमुख येतात आणि त्याखाली कार्यालयप्रमुख. तुमच्या तालुक्याचे साहेब बहुतेक कार्यालयप्रमुख असणार, म्हणजे पगारबिलं, रजा, ऑफिसचा किरकोळ खर्च एवढं त्यांच्या हातात.

गंमत अशी की सचिव जरी वर बसत असले तरी स्वतःच्या नावाने वापरायचे कायदेशीर अधिकार विभागप्रमुखाकडेच जास्त असतात. हे अधिकार येतात तीन ठिकाणांहून. एक म्हणजे त्या त्या विषयाचा कायदा, उदाहरणार्थ महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये बहुतेक सगळे अधिकार 'निबंधक' या पदाला दिलेत आणि सहकार आयुक्त हेच निबंधक. दुसरं, सेवा नियम, म्हणजे नेमणूक, बदली, शिस्तभंग. तिसरं, पैशाचे अधिकार, ते वित्तीय अधिकार नियमपुस्तिका १९७८ मध्ये आणि वित्त विभागाच्या वेळोवेळच्या जीआरमध्ये असतात, त्यातला १७ एप्रिल २०१५ चा जीआर लेखा शाखेतल्या लोकांना तोंडपाठ असतो. हे तिन्ही वेगवेगळे धरायचे, एखाद्याला बदलीचा अधिकार आहे म्हणून खरेदीचाही आहे असं होत नाही.

तेव्हा तुमच्या कामाचा कायदा कुठला ते बघा, त्यात ज्या पदाचं नाव आहे त्याच्याच नावाने अर्ज करा. मंत्र्यांना, सचिवांना, कलेक्टरांना सगळ्यांना प्रत पाठवली तर काम लवकर होईल असं लोकांना वाटतं, पण होतं उलट, प्रत्येक ऑफिस 'उचित कार्यवाहीस्तव' म्हणून तोच कागद दुसऱ्याकडे ढकलत राहतं आणि तो फिरून परत पहिल्याच टेबलावर येतो.

प्रश्न : मी एका खात्याच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, गट क. इथे येऊन दीड वर्ष झालं आणि ऑगस्टमध्ये विभागप्रमुखांच्या सहीने बदलीचा आदेश आला, कारण फक्त 'प्रशासकीय कारणास्तव'. असं करता येतं का? (एक वाचक, बुलढाणा)

उत्तर : एकट्याच्या अधिकारात नाही करता येत. बदल्यांसाठी आपल्याकडे २००५ चा कायदा आहे, १ जुलै २००६ पासून लागू, लांबलचक नावाचा, सगळे त्याला बदल्यांचा कायदाच म्हणतात. त्याच्या कलम ३ प्रमाणे एका पदावरचा साधारण कार्यकाळ तीन वर्षं, आणि मंत्रालयाबाहेरच्या गट क च्या माणसाला तर एका ऑफिसात असे दोन पूर्ण कार्यकाळ मिळतात. बदल्या एप्रिल-मे मध्ये करायच्या. कलम ६ मध्ये तक्ता आहे त्यात कुणाची बदली कोण करणार ते लिहिलंय, आयएएस वगैरे अखिल भारतीय सेवेतल्यांची मुख्यमंत्री, गट अ मधल्या वरच्या वेतनश्रेणीतल्यांची खात्याचे मंत्री मुख्यमंत्र्यांशी बोलून, बाकी गट अ आणि राजपत्रित गट ब यांची मंत्री सचिवांशी सल्लामसलत करून, अराजपत्रित गट ब आणि गट क ची विभागप्रमुख, आणि गट ड ची प्रादेशिक विभागप्रमुख.

म्हणजे तुमची नेहमीची बदली करायला विभागप्रमुख सक्षम आहेत, त्यात वाद नाही. पण मुदतीआधी करायची तर कलम ४(५) लागतं आणि तिथे दोन अटी, कारणं लेखी नोंदवायची आणि तक्त्यातल्या लगेच वरच्या बदली प्राधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यायची. आधी, बरं का. आदेश काढून मग कार्योत्तर मंजुरी मागवणं यात बसत नाही. तुमच्या बाबतीत लगेच वरचा प्राधिकारी म्हणजे खात्याचे मंत्री.

'प्रशासकीय कारणास्तव' हे माझ्या मते कारणच नाही, सरकारातली प्रत्येक गोष्ट प्रशासकीयच असते. पण आदेशावर सविस्तर कारण नाही एवढ्यावरून आदेश लगेच पडत नाही, ते फाईलवर असू शकतं. म्हणून माहिती अधिकारात बदलीच्या नस्तीची, म्हणजे फाईलची, टिप्पणीसह प्रत मागवा आणि दोन गोष्टी बघा, टिप्पणीत तुमच्याबद्दल काय लिहिलंय आणि वरच्या परवानगीची तारीख आदेशाच्या आधीची आहे की नंतरची. अशा मुद्द्यांवर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे मॅटने, कितीतरी बदल्या रद्द केल्यात. तुम्हाला नागपूरचं खंडपीठ लागेल. पण माहितीची वाट बघत तीस दिवस घालवू नका, तोवर तुमच्या जागी दुसरा हजर झाला की प्रकरण उगाच अवघड होतं. वकील आधी गाठा, कागद मॅटसुद्धा मागवतं.

प्रश्न : माझ्या व्यवसायाच्या परवान्याची फाईल आठ महिने संचालनालयात पडून आहे. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की परवाना संचालकांनी द्यायचा. चौकशी केली की एकच उत्तर, 'शासनाकडे मार्गदर्शन मागवलंय'. संचालकांना असं करता येतं का? आणि उद्या मंत्रालयाने नाही म्हटलं तर? (एक उद्योजक, सांगली)

उत्तर : या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न. विभागप्रमुखांनी अधिकाराचा गैरवापर केला की बातमी होते, पण अधिकार असून वापरलाच नाही तर कुणाला काही वाटत नाही, उलट सावध माणूस म्हणून कौतुक होतं. खरं तर कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखंच चुकीचं आहे, आणि मला विचाराल तर लोकांना जास्त त्रास या दुसऱ्या प्रकाराचाच होतो.

यावरचा सुप्रीम कोर्टाचा मूळ निकाल आपल्या मुंबईतलाच आहे, पोलीस कमिशनर विरुद्ध गोर्धनदास भानजी, १९५१ च्या नोव्हेंबरमधला. गोर्धनदासांना अंधेरीला थिएटर बांधायचं होतं. परवानगी देणं न देणं नियमाप्रमाणे पोलीस कमिशनरांच्या हातात. कमिशनरांनी आधी नाही म्हटलं, मग १९४७ च्या जुलैमध्ये परवानगी दिली, आणि सप्टेंबरमध्ये पत्र आलं की सरकारच्या निर्देशावरून कळवतो की तुमची परवानगी रद्द करण्यात येत आहे. प्रकरण कोर्टात गेल्यावर कमिशनर म्हणायला लागले की नाही नाही, निर्णय माझाच होता. कोर्टाने पत्रच वाचलं. त्यात सरळ लिहिलंय सरकारने सांगितलं म्हणून रद्द, म्हणजे रद्द केलं सरकारने, आणि सरकारला तर त्या नियमाखाली तो अधिकारच नव्हता. जाहीर आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याने नंतर दिलेल्या खुलाशावरून नाही, हे तत्त्व इथूनच सुरू झालं आणि आजही प्रत्येक सर्व्हिस मॅटरमध्ये, लायसन्सच्या केसमध्ये वकील तेच वाचून दाखवतात. कमिशनरांनी स्वतः विचार करून हो किंवा नाही काय ते ठरवावं, असं कोर्टाने सांगितलं.

पुढे १९९५ मध्ये गुजरातची जडेजा केस आली. टाडा, म्हणजे तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा, लावायला जिल्हा पोलीस प्रमुखाची पूर्वमान्यता लागायची, ती स्वतः द्यायची सोडून साहेबांनी वर सरकारकडेच परवानगी मागितली. वरून परवानगी आलीसुद्धा, तरी कोर्टाने ते टिकू दिलं नाही, कारण कायद्याने ज्याला डोकं लावायला सांगितलं त्याने लावलंच नव्हतं. वरचा माणूस पदाने मोठा असेल, पण कायद्याने अधिकार त्याला दिलेला नसेल तर त्याचं मोठेपण तिथे उपयोगाचं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. सरकार धोरण ठरवू शकतं, सगळ्यांना लागू होतील अशा सूचना देऊ शकतं, काही कायद्यांमध्ये निदेश देण्याचं वेगळं कलमच असतं. तरतुदीचा अर्थच कळत नसेल तर संचालकांनी विधी व न्याय विभागाचं मत मागवणंही रास्त. पण तुमची एक फाईल, त्यात सगळे कागद पूर्ण, नियम स्पष्ट, आणि तरी 'मार्गदर्शन', तर ते निर्णय टाळणं झालं.

काय करायचं ते सांगतो. वर सांगितलेल्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याचाच दुसरा भाग दिरंगाईबद्दल आहे आणि तो लोकांना माहीतच नसतो. कलम १० प्रमाणे साधारणपणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसलेल्या फाईलवर ४५ दिवसांत निर्णय, आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. संचालकांना एक पत्र द्या, त्यात परवान्याचं कलम लिहा, हे कलम लिहा, आणि विचारा की मार्गदर्शन कुठल्या मुद्द्यावर, कुठल्या तारखेच्या पत्राने मागवलं. पत्र आवक शाखेत देऊन पोचेचा शिक्का घ्या. यावरही हललं नाही तर हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका, त्यात मागणी एवढीच करायची की संचालकांनी स्वतः अमुक मुदतीत निर्णय द्यावा, परवाना द्याच असं नाही. ही मागणी कोर्टाला पटायला सोपी जाते.

आणि मंत्रालयाने नाही म्हटलं आणि संचालकांनी तेच खाली उतरवून काढलं, तर ते पत्र जपून ठेवा. त्यात 'शासनाने कळविल्यानुसार' असे शब्द असले तर तुमची केस निम्मी तिथेच झाली.

प्रश्न : मी राज्य सेवेतला अधिकारी, नेमणूक शासनाची. निलंबनाचा आदेश मात्र विभागप्रमुखांनी काढला. नेमणूक करणाऱ्यानेच निलंबित करायला पाहिजे ना? (नाव-गाव देऊ नये अशी विनंती)

उत्तर : तसंच असेल असं नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ चा नियम ४ बघा, नेमणूक प्राधिकारी, त्याचा वरिष्ठ, शिस्तभंग प्राधिकारी किंवा राज्यपालांनी अधिकार दिलेला दुसरा कुणी, यापैकी कोणीही निलंबित करू शकतं. तुमच्या विभागप्रमुखांना तसे अधिकार दिलेत का ते तपासा. दिले असतील तरी नेमणूक प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्याने निलंबित केलं की त्याने लगेच वर कळवायचं असतं. राज्यघटनेचं कलम ३११ आड येतं ते बडतर्फी आणि सेवेतून काढून टाकण्याला, नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकारी ते करूच शकत नाही. निलंबन ही शिक्षा धरली जात नाही, भोगणाऱ्याला काहीही वाटो.

तुमच्यासाठी जास्त कामाचा मुद्दा वेगळा आहे. २०१५ च्या अजय कुमार चौधरी निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, आणि आपल्या सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ च्या जीआरने ते लागू केलं. ९० दिवस मोजा. निलंबनावर अपीलही करता येतं, त्याची मुदत ४५ दिवस.

प्रश्न : मी स्वतः एका खात्यात वरच्या जागी आहे. मंत्र्यांच्या ऑफिसातून फोन येतो, 'साहेबांनी सांगितलंय, अमुक आदेश काढा'. काढला तर जबाबदारी माझी, नाही काढला तर पुढची पोस्टिंग दिसायला लागते. कायदा काय म्हणतो? (एक अधिकारी)

उत्तर : कायदा तुमच्या बाजूने आहे, पोस्टिंगचं मी सांगू शकत नाही. वर्तणूक नियम १९७९ च्या नियम ३ मध्येच आहे की वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा आणि तोंडी दिला असेल तर त्यांनी तो नंतर लेखी द्यावा. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन निकालात सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, तोंडी आदेशावर काम करू नका, करावंच लागलं तर नोंद करून ठेवा. हे सुब्रमण्यन स्वतः केंद्रात कॅबिनेट सचिव होते, त्यामुळे असे फोन कसे येतात ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणखी एक, फाईलवर मंत्र्यांनी शेरा मारला म्हणजेसुद्धा आदेश झाला असं नाही. बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य, १९६२. एका बडतर्फ कर्मचाऱ्यावर दया येऊन महसूलमंत्र्यांनी फाईलवर लिहिलं की याला काढू नका, खालच्या पदावर न्या. तो शेरा फाईलमध्येच राहिला, त्याच्या हातात आदेश पडलाच नाही, पुढे मुख्यमंत्र्यांनी बडतर्फी कायम केली. कोर्ट म्हणालं, रीतसर आदेश निघून संबंधिताला कळवला जात नाही तोवर मत बदलता येतं.

प्रत्यक्षात हुशार अधिकारी काय करतात तर त्याच दिवशी फाईलवर दोन ओळी टाकतात, 'आज इतक्या वाजता दूरध्वनीद्वारे प्राप्त निर्देशांनुसार प्रस्ताव तपासला, नियम अमुक पाहता, लेखी आदेशार्थ सादर'. फाईल वर गेली की बऱ्याचदा परत येतच नाही, किंवा 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन येते. ती चर्चा नंतर कुणी करत नाही.

प्रश्न : आमच्या खात्याच्या प्रमुखाची जागा वर्षभर रिकामी, दुसऱ्याच खात्याच्या साहेबांकडे 'कार्यभार' आहे. त्यांनी दिलेले आदेश कायदेशीर का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : कार्यभाराच्या आदेशात काय लिहिलंय त्यावर आहे. रीतसर अतिरिक्त कार्यभार सक्षम प्राधिकाऱ्याने दिला असेल तर आदेश सहसा टिकतात. नुसतं दैनंदिन काम बघायला सांगितलं असेल तर रजा, पगार, पत्रव्यवहार ठीक, पण एखाद्या कायद्याने त्या पदालाच दिलेला अधिकार वापरणं धोक्याचं. १९६५ च्या अजायब सिंग केसमध्ये अमृतसरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या ऑफिसचा तात्पुरता चार्ज होता, त्याने काढलेला स्थानबद्धतेचा आदेश सुप्रीम कोर्टाने रद्द केला, कारण चार्ज घेतल्याने तो जिल्हा दंडाधिकारी झाला नव्हता.

प्रश्न : कुठल्या साहेबाला काय अधिकार आहेत याची यादी कुठे मिळते? ऑफिसात विचारलं तर हसतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हसू दे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात आणि त्यातली दुसरीच बाब अधिकारी-कर्मचाऱ्यांचे अधिकार व कर्तव्यं ही आहे. खात्याच्या वेबसाईटवर 'माहितीचा अधिकार' असं सदर शोधा, पीडीएफ मिळेल, पण वरची तारीख बघून घ्या, कधी कधी त्यात निवृत्त झालेल्या साहेबांची नावं असतात. बदल्यांच्या कायद्यात कलम ७ प्रमाणे प्रत्येक मंत्रालयीन विभागाने आपल्या विभागप्रमुखांची आणि प्रादेशिक विभागप्रमुखांची यादीसुद्धा प्रसिद्ध करायची आहे. वेबसाईटवर नाही मिळालं तर अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. आणि 'अमुक पदाला अमुक आदेश काढायचा अधिकार आहे का' असं विचारू नका, माहिती अधिकारी लिहून देईल की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. 'अमुक पदाला अधिकार प्रदान केल्याच्या आदेशाची किंवा अधिसूचनेची प्रत मिळावी' असं लिहा. तीस दिवसांत दिली नाही तर नंतर ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).